व्याह्यांची गणपूर्ती

अगं ये, अशी जवळ बस. दीड मीटर अंतर ठेवायचे दिवस सरले आता. आणि आधी हे सांग, ग्लेन वेव्हर्लीहून इतक्या लांब आलीस ती मावशीला भेटायला, की तिचं टपाल फेकायला? काउन्सिलचं पत्रक न वाचताच पिवळ्या झाकणाच्या रद्दीच्या डब्यात टाकलंस, पाहिलं मी खिडकीतून. माझ्या व्याह्यांनी पाहिलं असतं तर तुला डब्यात वाकून ते काढायला लावलं असतं, आणि उभं राहून मोठ्यानं वाचायलाही. कारण ते नसते तर केलीव्हिलच्या नगरपालिकेचा सगळा कारभार ठप्प झाला असता, असं त्यांचं ठाम मत. दोन वर्षं त्यांच्यासोबत एका घरात काढल्यावर माझंही जवळजवळ तेच झालंय.

व्याही म्हणजे आमच्या मेघनाचे सासरे. निफाडकडे आयुष्यभर ग्रामसेवक होते. नातवाच्या बारशाला विहीणबाईंना घेऊन सहा महिन्यांसाठी म्हणून आले, आणि करोनानं देशाच्या सीमा बंद झाल्या. आधी इथून विमानं नव्हती, मग तिकडची लाट आली, मग मुलगाच जाऊ देईना. मी आपली कायमची इथलीच, मेघनाच्या खालच्या खोलीत. तर हे गृहस्थ तिसऱ्या दिवशी फिरायला गेले ते परत येईनात. जावई गाडी घेऊन शोधायला निघाला, तर हे दोन गल्ल्या पलीकडे एका कुंपणावरची नोटीस वहीत उतरवून घेत होते. कुणीतरी घरामागे आणखी एक घर बांधणार होतं. "हरकती मागवल्यात. कुणी वाचलं का?" असं त्यांनी आम्हालाच दरडावून विचारलं. कुत्र्यांच्या बागेबद्दल काउन्सिलनं लोकांचं मत मागवलं, तेव्हा जन्मभर कुत्र्याला घाबरलेल्या या माणसानं दोन पानं लिहिली. 'मुक्या जिवाला मोकळी जागा हवीच, मात्र ती फिरणाऱ्या वृद्धांपासून लांब असावी. कळावे.' मेघनानं इंग्रजी करून पाठवलं. आभाराचं उत्तर आलं, ते त्यांनी देव्हाऱ्याशेजारी टाचलं. विहीणबाई रोज देवाला फूल वाहताना म्हणायच्या, "आता याला पण वाहू का एक?"

पण त्यांचा खरा दिवस म्हणजे सभेचा. लॉकडाउनमध्ये काउन्सिलच्या सभा लॅपटॉपवर दिसायला लागल्या. व्याही दुपारपासून दाढी करून, कोट घालून तयार. त्यांच्या ग्रामसभेत गावकरी पुरेसे जमले नाहीत तर सभा तहकूब व्हायची. नोकरीभर ते दारोदार फिरून माणसं गोळा करत आले. इथंही तसंच असणार, हे त्यांनी कुणालाही न विचारता गृहीत धरलं. मग घरातल्या सगळ्यांना लॅपटॉपसमोर बसवायचं आणि वहीत सह्या घ्यायच्या. जावई शिफ्टवर असला तर त्याच्या नावापुढे 'पूर्वपरवानगीने गैरहजर'. मेघना म्हणाली, "बाबा, नो वरीज हो, इथे कोरम मेंबरांचा मोजतात. आपण बघतोय हे त्यांना दिसतही नाही." ते म्हणाले, "त्यांना दिसत नसेल. आपल्याला दिसतंय ना? ताई, तुम्ही सही करा." केली मी. गटारांच्या पाइपांवर चर्चा चाललेली असायची आणि विहीणबाई बसल्याबसल्या पेंगायच्या. सही मात्र त्यांचीच पहिली.

हसतेस काय. त्या बाईसाठीच तर चाललं होतं हे सगळं. त्यांचे गुडघे गेलेले, त्यात घरकोंडी. दिवसातून एकदाच त्या तळ्यापर्यंत चालायच्या, बदकं बघायला. चढाच्या मध्यावर जॅकरांडाचं झाड आहे ना, तिथं त्यांचा श्वास संपायचा. बसायला काही नाही. मग व्याही घडीची खुर्ची खांद्याला लावून मागून चालायचे, झाडाखाली उघडायचे आणि स्वतः शेजारी उभे. पुढेपुढे त्या झाडापर्यंतही पोचेनात. एक दिवस म्हणाल्या, "राहू दे आता. खुर्ची वाहून तुमचा खांदा जाईल." आणि बाहेर पडणंच बंद केलं. बोलणंही कमी झालं. त्या आठवड्यात व्याह्यांनी सभेत बोलायला नाव दिलं.

तीन मिनिटं मिळतात. आपले व्याही मराठीत बोलणार, मेघना इंग्रजी करणार. त्यांनी सन्माननीय अध्यक्ष, सर्व सदस्य, अधिकारीवर्ग, उपस्थित बंधुभगिनी सगळ्यांना वंदन केलं, स्वातंत्र्यसैनिकांचं स्मरण केलं, आणि बाकाचं नाव काढण्याआधी वेळ संपली. लॅपटॉप मिटला तरी ते कोट घालून तिथंच बसलेले. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा नाव दिलं. या वेळी कागद घेतला नाही. "माझी बायको झाडापाशी थकते," एवढंच म्हणाले. "तिथं एक बाक द्या. मला नको, मी उभा राहीन. ती बसली की तळ्यापर्यंत जाईल." मेघनानं ते तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. सभा चालवणारे गृहस्थ म्हणाले, "थँक यू, सर. आम्ही बघतो." आतल्या खोलीतून विहीणबाई सगळं ऐकत होत्या. त्या रात्री त्यांनी स्वतःहून जेवायला मागितलं.

बाक मंजूर झाला, पण काउन्सिलचं काम त्यांच्या क्रमानंच होणार. तोवर विमानं सुरू झाली. विहीणबाईंना आपल्या घरी जायचं होतं. बाकी काही मागतच नव्हत्या. विमानतळाला निघताना व्याह्यांनी झाडापाशी गाडी थांबवायला लावली. उतरले, मोकळ्या गवतावर चार पावलं मोजली. "इथं बसेल," म्हणाले. आणि खिडकीतून वही माझ्या मांडीवर ठेवली. "ताई, पाठपुरावा सोडू नका."

नाही सोडला गं. आता सभा पुन्हा काउन्सिलच्या इमारतीत भरते. मी जाते, बहुतेकदा मागच्या रांगेत एकटीच असते. सभा माझ्यावाचूनही चालणार, ठाऊक आहे मला. तरी घरी आल्यावर वहीत सही करते, आणि पुढे दोन नावं लिहिते, 'पूर्वपरवानगीने गैरहजर'.

आणि बाक आला. मी फोन केला, तर पहिला प्रश्न, "तोंड कुणीकडे आहे?" म्हटलं, तळ्याकडे. "मग बरोबर झालं." मागून विहीणबाईंचा बारीक आवाज आला, "किती माणसं बसतात हो त्यावर?" मी म्हटलं, तिघं.

चल, ऊन उतरलंय, दाखवते तुला. मी नेहमी कडेला बसते, दोघांची जागा सोडून. परवा त्यांना मेघनाकडून लिहून पाठवलंय मी, अगदी त्यांच्याच भाषेत: बाकावर सभा भरवली आहे, गणपूर्तीअभावी रोज तहकूब होते. तरी उभयतांनी लवकर यावे. उभं कुणालाच राहावं लागणार नाही. कळावे.