बोळकंडीतले हात

आमच्या गुप्तरोगाच्या दवाखान्यात मी नर्स, आणि झाडलोटीला मावशी. जीभ अशी तिखट, की ओल्या फरशीवर मोठ्या डॉक्टरांचीही पाय ठेवायची टाप नव्हती.

मोफत कंडोमची पेटी आधी बाकांसमोर होती. कुणी हात लावील तर शपथ! आजार अंगावर काढतील, पण शेजारच्याची नजर सोसायची नाही. शेवटी मावशीनेच ती उचलली आणि तपासणीच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळकंडीच्या वळणावर ठोकली. तिथला दिवा गेलेला होता, तो ती बदलू देईना. "उजेडात माणसं फार सभ्य होतात," म्हणायची.

पेटी रोज रिकामी होऊ लागली. वरच्या झरोक्यातून तेवढ्या पेटीपुरताच उजेड पडायचा, बाकी सगळा काळोख. मला तिथून एकटीने जायला नको वाटायचं. कुणाचा तरी श्वास ऐकू यायचा, पेटीच्या पत्र्यावर नखं वाजायची, हाक मारावी तर उत्तर नाही. मावशी मात्र दुपारी तिथेच स्टुलावर बसून भिंतीला पाठ टेकायची.

"नुसते हात येतात," ती सांगायची. "तोंड नसतं त्यांना. घेणाऱ्या हातांचं काही नाही गं. चाचपून परत ठेवणारे असतात ना, त्यांची भीती वाटते."

एकदा ती ऐनवेळी सुट्टी बदलून कामावर आली. दुपारी तिच्यासमोरच उजेडात एक हात आला. अंगठ्याचं नख काळंनिळं. आदल्याच आठवड्यात तिच्या दाराची कडी बसवताना जावयाने त्यावर हातोडी मारून घेतली होती. सासूबाई आज नाहीत, असं धरून आला होता बिचारा. हाताने पाकीट काढलं, उलटंसुलटं केलं, आणि हळूच परत ठेवलं.

इथलं बाहेर बोलायचं नाही, हा दम आम्हा सगळ्यांना मावशीच द्यायची. त्या संध्याकाळी तिने कुणाचं नाव न घेता लेकीच्या ओंजळीत पाकिटं ओतली. लेक हसत सुटली. "आई, तुझं आपलं काहीतरीच! हे काढलं तर ते म्हणतील, माझ्यावर भरवसा नाही का?"

पडद्यामागे बायका मला नेमकं हेच सांगतात. मावशी ते ऐकत रोज फरशी पुसते. लेकीपुढे मात्र तिने विषयच बदलला.

"सांगून टाक सरळ," दुसऱ्या दिवशी तिच्याकडून हे कळल्यावर मी चिडून म्हटलं.

"आणि तिचा संसार मोडू?"

काही आठवडे गेले. मी बोळकंडीतून येत होते, तेवढ्यात झरोक्याखाली एक हात दिसला. मनगटावर मावशीचं जुनं घड्याळ. हात पेटीपाशी थबकला आणि पुढे सरकला.

"आई, आहेस ना इथे?"

स्टूल कुरकुरलं. मावशीने चाचपडत मूठभर पाकिटं काढली आणि त्या हातात कोंबली.

"आता नको गं ते," लेक म्हणाली. "तपासायची खोली कुठली, तेवढं दाखव."