एक प्रिंटर आणि नर्सिंगचा दाखला

राहात्याच्या कॉलेजात मी नोकरीला लागले तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर दोन आणि प्रिंटर एकच होता. जुना कॉम्प्युटर काळ्या पडद्याचा, नवा विंडोजवाला. दोघांच्या वायरी एका डबीत जायच्या. डबीचं बटण डावीकडे फिरवलं की जुन्याचा कागद निघायचा, उजवीकडे फिरवलं की नव्याचा.

जुलैतल्या एका सकाळी एक मुलगी आणि तिचे वडील दाखला न्यायला आले. मुलीला नगरला नर्सिंगला प्रवेश मिळत होता, पण कागद त्याच दिवशी पोचायला हवे होते.

मी बटण उजवीकडे केलं, प्रिंट दिली. प्रिंटर खरखरला आणि कागदावर मराठीऐवजी पत्त्यातले बदाम, चौकट, अर्धवट रेघा उमटल्या. पुन्हा दिली, तेच. प्रिंटर बंद करून चालू केला, सेटिंग तपासलं, प्रोग्राम नव्याने टाकला. जुन्यावरून मात्र झकास छापत होतं. पण त्या वर्षीच्या मुलांची माहिती नव्यात होती, आणि तिथली फ्लॉपी जुना उघडेना.

"हाताने लिहून देऊ का?" हेडक्लार्क भाऊसाहेब म्हणाले.

"सर, मैत्रिणीचा तसला दाखला नर्सिंगवाल्यांनी परत पाठवला," मुलगी म्हणाली. तिचे डोळे सारखे घड्याळाकडे जात होते. मला धड खुर्चीत बसवेना, धड उभं राहवेना. नगरच्या इंजिनिअरला फोन लावला, तर ते बाहेर गेलेले. शेवटी वडील उठले. "ताई, यष्टीची येळ झाली. जातो आमी."

ती दोघं रिकाम्या हाताने गेली. मला ते सहन होईना. प्रिंटर चांगला, कॉम्प्युटर चांगला, मग मधे उरतं काय? मी डबीच काढून टाकली आणि नव्या कॉम्प्युटरची वायर थेट प्रिंटरला जोडली. पहिल्याच ओळीत मुलीचं नाव स्वच्छ उमटलं.

"भाऊसाहेब, निघालं!"

प्राचार्यांची सही, शिक्का, आणि भाऊसाहेबांच्या मोपेडवर मागे बसून मी स्टँडकडे निघाले. कागद पोटाशी धरलेला. रस्त्यात खताच्या गोण्यांचा ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा मला उतरून पळावंसं वाटलं.

नगरची गाडी गेली होती. मी फलाटावर वेड्यासारखी इकडून तिकडे बघत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई!"

मुलीचे वडील बाकावर बसले होते.

"पोरीला फुडं धाडलं, जागा धरून उभी ऱ्हाईल म्हनलं. मी थांबलो. वाटलं, निगंल कागद, तर कुनीतरी घ्यायला पायजेल. आता कॉलेजाकडंच निगनार हुतो."

दाखला त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि पिशवीतल्या टॉवेलच्या घडीत ठेवला. पुढची गाडी आली, ते चढले. ती गाडी वेळेत पोचेल की नाही, कोण सांगणार?

संध्याकाळपर्यंत माझं कशात लक्ष लागलं नाही. फोन वाजला की मी दचकायचे. कुलूप लावायच्या वेळी तो पुन्हा वाजला. भाऊसाहेबांनी उचलला, "हां, हां" केलं आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला. पलीकडे ती मुलगी होती, नगरच्या एसटीडी बूथवरून.

"मॅडम, घेतलं त्यांनी मला," ती म्हणाली.