बी विंगच्या डक्टमधली घुबडं

चेअरमननी खिशातून वायरीचा कुरतडलेला तुकडा काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"ही माझ्या गाडीची. तिसऱ्यांदा. मॅडम, मला लेक्चर नको, उंदीर मेलेले हवेत."

कोलशेतच्या एका सोसायटीच्या ऑफिसमध्ये आम्ही बसलो होतो. चार टॉवर, मध्ये पोडियम, म्हणजे पार्किंगच्या डोक्यावर केलेली बाग. मागे कंपाउंडची भिंत. भिंतीपलीकडे एका मंडप डेकोरेटरचं गोडाऊन आणि त्याच्यापुढे खाडीचं खाजण. मी पेस्ट कंट्रोल कंपनीत टेक्निकल मॅनेजर आहे. झुरळं, ढेकूण, वाळवी सगळं बघते, पण खरा विषय उंदीर. डोंबिवलीत हळदीकुंकवाला कोणी "काय करता?" विचारलं की मी "केमिकल लाइनमध्ये" म्हणते. उंदीर म्हटलं की बायका हातातला लाडू खाली ठेवतात.

इन्स्पेक्शन केलं. पोडियमच्या कुंडीपट्ट्यात घुशींनी माती पोखरली होती. घूस म्हणजे उंदराचा थोरला चुलतभाऊ, बिळं करण्यात पटाईत. कचऱ्याच्या खोलीचं दार खालून खाल्लेलं. इतके उंदीर अचानक होत नाहीत, म्हणून मी सेक्रेटरींना विचारलं, "इथे साप निघतात का?"

त्यांनी अभिमानाने मोबाइल पुढे केला. फोटोच फोटो. सर्पमित्राच्या हातात लांबलचक धामण, बाजूला हसणारी कमिटी. "निघाला की आम्ही लगेच फोन करतो. येऊरच्या जंगलात सोडून येतात. आजवर एकही साप मारलेला नाही मॅडम, आमची सोसायटी सुशिक्षित आहे."

मी एकेक फोटो पाहिला. बहुतेक सगळ्या धामणीच. धामण बिनविषारी आणि उंदीर हे तिचं जेवण. ती बिळात शिरून पिल्लांसकट घर साफ करते. या लोकांनी तिला मारलं नाही, मानाने गाडीत बसवून बाहेर पाठवलं. उंदरांच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

मग मी लेक्चर दिलंच. माझा स्वभाव आहे. एमएस्सीला आम्हाला टुंड्रा शिकवला होता, उत्तर ध्रुवाजवळचा बिनझाडांचा बर्फाळ मुलूख. तिथे लेमिंग नावाचा गुबगुबीत उंदीर असतो. त्याच्यावर स्टोट जगतो, मुंगसापेक्षाही बारीक आणि हिवाळ्यात पांढराशुभ्र होणारा, शिवाय पांढरी घुबडं. लेमिंगची पिल्लावळ भराभर वाढते. खाणारे मागून वाढतात, कारण आधी त्यांचं पोट भरावं लागतं, मग पिल्लं. ते वाढले की लेमिंगवर तुटून पडतात. इकडे लेमिंगनेही शेवाळ खाऊन संपवलेलं असतं. संख्या धाडकन कोसळते, मग खाणारेही उपाशी मरतात. काही वर्षांनी पुन्हा तेच. शिकारी उशिरा वाढतो आणि मेला तर उशिरा सावरतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

"टुंड्रामध्ये मेंटेनन्स किती घेतात?" सेक्रेटरी म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

"आपल्याकडे फरक इतकाच," मी म्हटलं, "की उंदरांचं अन्न कधी संपत नाही. चार टॉवरचं उरलंसुरलं रोज त्या खोलीत येतं. संख्या आपोआप कोसळणार नाही. खाणारं कोणीतरी लागणार."

"खाणारं आहे," मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

त्या सबनीस बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, बी विंगमध्ये एकट्या राहणाऱ्या. त्या मला वर घेऊन गेल्या आणि स्वयंपाकघराची खिडकी अलगद उघडली. खिडकीबाहेर डक्ट होता, पाइप खाली नेणारा उभा बोगदा. त्यातल्या एका कठड्यावर पत्त्यातल्या बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याची गव्हाणी घुबडाची मादी आणि तिच्यामागे फिसकारणारी तीन पिल्लं.

"लोक म्हणतात अशुभ," बाई कुजबुजल्या. "हे गेल्यापासून घरात माझ्याशिवाय आवाज नव्हता हो. आता यांची भांडणं ऐकत मी भाजी चिरते."

कठड्याखालच्या पत्र्यावर काळपट गोळ्या पडल्या होत्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं, केस गोळी करून ओकतं. मी एक गोळी काडीने उकलली. आत उंदरांच्या कवट्या. बाईंनी चष्मा सारून पाहिल्या आणि म्हणाल्या, "औषध घातलंत तर यांचं काय होईल?"

खरं सांगावं लागलं. आम्ही वापरतो ते औषध रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही. चार-पाच दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो. म्हणजे घुबडाला आयतं ताट. असे उंदीर खाल्ले की तेच विष घुबडाच्या पोटात.

बाईंनी माझा हात धरला. "पिल्लं उडेपर्यंत तरी थांबवा. मी कमिटीशी बोलते."

आणि त्या बोलल्या, शाळेतल्या आवाजात. पिल्लं उडेपर्यंत औषध नाही, फक्त पिंजरे आणि कचऱ्याच्या खोलीला लोखंडी दार, असं ठरलं. चेअरमन नाखुशीने म्हणाले, "तोवर कोणाची वायर तुटली तर मी सबनीस बाईंकडे पाठवणार." बाई म्हणाल्या, "पाठवा."

माझी एकच अट होती. "शेजारच्या गोडाऊनवाल्यांशी बोला. आपण इथला कचरा बंद केला की उंदीर भिंतीपलीकडे जाणार. घुबडंही तिकडेच शिकार करतात. त्यांनी औषध टाकलं तर आपलं थांबणं फुकट."

खोलीतली हवाच बदलली.

"त्याच्याशी आमची रस्त्यावरून केस चालू आहे," चेअरमन म्हणाले. "बोलणं बंद आहे."

"मग मी जाऊन बोलते."

"तुम्ही आमच्या वतीने त्याच्या दारात जायचं नाही. वकिलांनी सांगितलंय, काहीही कम्युनिकेशन नको. बघू, सेक्रेटरी कोणामार्फत तरी निरोप देतील."

आमच्या साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, "क्लायंट नाही म्हणतोय ना? मग जायचं नाही." सेक्रेटरींना मी दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा "हो हो, सांगतो" आलं. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. सोसायटीत 'बघू' म्हणजे काय ते मी या वयाला ओळखायला हवं, आणि ओळखतेही.

दार बसलं, पिंजऱ्यात घुशी सापडायला लागल्या. बाई रोज मेसेज करायच्या. पिल्लांना पिसं फुटली. थोरलं पंख झाडून बघतंय. मी मीटिंगमध्ये असले तरी ते मेसेज आधी उघडायचे.

मग एका दुपारी मेसेज नाही, फोनच आला. "मादी खाली पोडियमवर बसलीय. उन्हात. मुलं जवळ गेली तरी उडत नाही."

मी शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये होते. तिथेच मला कळलं होतं. पोहोचले तेव्हा ती कुंडीच्या आडोशाला बसली होती, मान खाली घालून. चोचीच्या कडेला रक्त. बाईंनी तिच्यावर छत्री धरली होती. डॉक्टरकडे न्यायला खोका आणेपर्यंत ती गेली. बाईंनी छत्री तशीच धरून ठेवली.

हाउसकीपिंगच्या सुपरवायझरला विचारलं. त्याने काही टाकलं नव्हतं. मग मी खुर्चीवर चढून भिंतीपलीकडे पाहिलं. गोडाऊनच्या शटरशी औषधाचे हिरवट तुकडे.

आता कोणाला विचारायचं राहिलं नव्हतं. मी थेट तिकडे गेले. गोडाऊनचे मालक बाळारामशेठ पडद्यांच्या ढिगाऱ्यावर बसले होते. इथलेच, पिढ्यान् पिढ्यांचे. त्यांनी एक झालरीचा पडदा उलगडून दाखवला. चाळण झाली होती.

"लग्नाची सुपारी घेतलेली हाय. ह्या मांडवान पोरीला बशवू? महिनाभरान उंदीर वाढलं ते वाढलंच. तुमच्या सोसायटीनशी आलं सगलं."

मी घुबडाचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग पडदा खाली ठेवला.

"मना कोनी सांगला असता, तं मी नसता टाकला. त्या पाखरान माझा काय घोडा मारला? भितीवर बसायचा, मी रोज बघायचो. लक्ष्मीचा वाहान तो." मग म्हणाले, "केस रस्त्याची हाय ना ओ मॅडम. घुबडाची कुठं हाय?"

मला राग आला होता, पण तो कोणावर काढायचा हे कळेना. त्यांनी माझ्यासमोर गड्यांना तुकडे उचलायला लावले. पण विष पोटात असलेले उंदीर कोण उचलणार? दोन दिवसांनी पिल्लांना उंदीर आणून देणारा नरही यायचा बंद झाला. तो आम्हाला सापडलाही नाही. पिल्लं डक्टमध्ये ओरडत राहिली. प्राणी वाचवणाऱ्या संस्थेची माणसं दोर लावून उतरली, तोवर दोन गेली होती. थोरलं जगलं. ते वाढवून दुसरीकडे कुठेतरी सोडलं, असं कळलं.

पुढच्या मीटिंगला चेअरमन हळू आवाजात म्हणाले, "वाईट झालं. पण आता काही अडचण नाही ना? करूया औषध सुरू?" त्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटणं होतं. म्हणूनच मी कोटेशन काढून पुढे ठेवलं.

वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट झालं. आमचे साहेब म्हणाले, "बघ, शेवटी आलाच क्लायंट." पहिल्या महिन्यात उंदीर खूप मेले, चेअरमन खूश. पावसाळा उलटेपर्यंत पहिल्याइतके झाले. उंदराला परत यायला काही महिने लागतात. घुबडांची जोडी अजून आलेली नाही. आली तरी काय खाईल, ते मीच उंदरांच्या औषधाच्या बॉक्समध्ये भरून ठेवलेलं आहे.

कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी रिन्यू होतं. गोडाऊनवाल्यांनीही आमच्याच कंपनीला काम दिलंय. भिंतीच्या दोन्ही बाजूंना आता आमचेच बॉक्स आहेत, आणि त्यांची केस अजून चालू आहे. बी विंगमध्ये गेले की सबनीस बाई चहा देतात. स्वयंपाकघराची खिडकी बंद असते.

"कमी झाले का?" त्या विचारतात.

"बॉक्स रिकामे होतायत," मी सांगते. म्हणजे औषध खाणारे अजून आहेत.

नव्या पोरांना ट्रेनिंग देताना पहिलं वाक्य मी हेच शिकवते, की उंदराला कंपाउंड वॉल कळत नाही. पूर्वी इथेच थांबायचे. आता पुढचंही सांगते. क्लायंटला ती कळते, आणि आपलं बिल त्या भिंतीवरच निघतं.