तिसरी रांग, उजवीकडून दुसरा

पंचवीस जानेवारी, संध्याकाळचे सात. दिल्ली स्टेशनजवळच्या लॉजवर मी माझ्या दोन जवानांचं किट पलंगावर मांडून तपासलं. स्वेटर दोन-दोन, कानटोप्या, हातमोजे, पायमोजे, नाव-पत्त्याची चिठ्ठी खिशात. जवान पहिला, प्रज्ञा, वय दहा. जवान दुसरा, सम्यक, वय सात. दोघं औशाचे. थंडी कशाला म्हणतात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. आमच्याकडं जानेवारीत सकाळी स्वेटर घालतात आणि दुपारी पंखा लावतात.

ही माझी नातवंडं नाहीत. मी नायगाव तालुक्यातला, हवालदार म्हणून रिटायर झालो. ही पोरं उत्तमची नातवंडं. लान्स नाईक उत्तम बनसोडे, माझा बडी. मुक्काम पोस्ट औसा. नायगाव कुठं, औसा कुठं, पण फौजेत मराठवाड्याचा कोणीही भेटला की तो गाववालाच. तो मला शेवटपर्यंत 'गाववाले' अशीच हाक मारायचा.

त्या वर्षी घटनेला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली होती आणि परेडला आमच्या रेजिमेंटची तुकडी चालणार होती. जुन्या कंपनी कमांडर साहेबांनी मला तीन पास पाठवले. उत्तमची मुलगी वैशाली लातूरला नर्स आहे. तिला सुट्टी मिळेना. ती म्हणाली, "काका, मला बाबांनी परेड दाखवतो म्हणून सांगितलं होतं, ते राहिलंच. आता माझ्या लेकरांना तरी घेऊन जा."

ते का राहिलं, ते आधी सांगतो.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. उत्तरेकडची बर्फातली पोस्ट, नाव सांगत नाही. माणसं नऊ. तिथं प्रत्येकाला एक बडी असतो, म्हणजे जोडीदार. रोज संध्याकाळी एकानं दुसऱ्याचे बूट-मोजे उतरवून पायाची बोटं बघायची. तोंडानं विचारायचं नाही, हातानं बघायचं. बोट पांढरं पडलं असेल तर बडीनं आपला शर्ट वर करून ते पाय स्वतःच्या पोटाला लावायचे. तरी ऊब आली नाही तर रेडिओवर कळवायचं आणि जवान खाली बेसवर. नियम एवढा सोपा.

नोव्हेंबरात यादी आली. सव्वीस जानेवारीच्या तुकडीत उत्तमचं नाव. त्याची ड्रिल बटालियनमध्ये नंबर एक होती. वर चढण्याआधी झालेल्या ट्रायलला त्याची जागासुद्धा ठरली होती. दिवसातून दहादा सांगायचा, "गाववाले, तिसरी रांग, उजवीकडून दुसरा. ध्यानात ठेव." दहा दिवसांनी खाली उतरायचं होतं. घरी पत्र गेलं की वैशालीला घेऊन दिल्लीला या. वैशाली तेव्हा पाच वर्षांची.

त्याच आठवड्यात त्याच्या पायाच्या बोटांना बधिरपणा आला. हे मला मागाहून, त्याचं प्रेत तपासल्यावर, डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मेडिकलला गेला असता आणि यादीतून नाव कटलं असतं. आणि मी? दोन संध्याकाळी मी थकून स्लीपिंग बॅगेत पडलो होतो. पडल्या पडल्या विचारलं, "पाय ठीक?"

"ठीक हाय गाववाले. झोप तू."

मी झोपलो. रजिस्टरवर 'ओके' लिहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वीसला दोर बांधलेल्या वाटेवर त्याचा पाय घसरला. बोटांना काही लागतच नव्हतं, तर कडेचा अंदाज येणार कसा? रेडिओवर मीच बोललो. "पोस्ट फॉर बेस. एक जवान खाली गेला. ओव्हर." बेसनं विचारलं, "नाव? ओव्हर." ते नाव सांगायला मला दोनदा बटण दाबावं लागलं.

आता परेडचा दिवस. पहाटे साडेतीनला उठवलं. वैशालीनं बांधून दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली. रेल्वेत दोन दिवस मी त्यांना फौजेच्या गोष्टी सांगितल्या होत्या. तुम्ही दोघं एकमेकांचे बडी, हे ठरवून टाकलं होतं. सम्यक तर प्रत्येक वाक्याला ओव्हर लावायला लागला होता. 'आबा, शू लागली, ओव्हर.' डब्यातले लोक हसून हसून बेजार.

निघताना मी ऑर्डर दिली. "पाय कोरडे ठेवायचे. ज्याचा पाय भिजला त्याची परेड कॅन्सल. सरळ लॉजवर."

"हाव आबा," दोघं म्हणाले.

काय अक्कल पाजळली मी! तीस वर्षांत हेच शिकलो का? खरं बोललास तर नाव कटणार, असंच ना हे?

गेटवर लाइन लांब. धुकं असं की पुढच्याची टोपीसुद्धा दिसत नव्हती. तीन ठिकाणी तपासणी झाली. सात वाजता खुर्च्या मिळाल्या. परेडला अजून साडेतीन तास. थंडी खालून, सिमेंटमधून वर येत होती. मी तासा-तासाला विचारत होतो, "पाय ठीक?"

"ठीक, आबा." प्रज्ञाचा आवाज खणखणीत होता. ओठ मात्र निळसर दिसत होते. मला वाटलं, उजेडाचं असेल.

साडेदहाला परेड सुरू झाली. तोफा झाल्या, राष्ट्रगीत झालं. घोडदळ गेलं, रणगाडे गेले. लाउडस्पीकरवर रेजिमेंटांची नावं येऊ लागली. आमची चौथी होती. खोटं कशाला बोलू? ती जागा मला या डोळ्यांनी बघायची होती. तीस वर्षं मी टीव्हीवर सुद्धा ती परेड बघितली नव्हती.

तेवढ्यात सम्यकनं माझी बाही ओढली.

"आबा, रिपोर्ट हाय."

"नंतर."

"आत्ताच हाय. ताई खोटं बोलायलीय. सकाळी लाइनीत तिचा पाय पाण्यात गेला. मला म्हणली, सांगू नको. मी आता तिच्या बुटावर पाय दिला, जोरात. तिला कळलंच न्हाई. ओव्हर."

दिल्लीच्या थंडीनं बोटं काळी पडत नाहीत, हे मला कळतं. पण त्या क्षणी मी दिल्लीत नव्हतो.

मी खाली बसलो, रस्त्याकडं पाठ करून. प्रज्ञाचा बूट ओढला. नवा बूट, घट्ट, आत दोन मोजे, दोन्ही चिंब. पाऊल पांढरंफटक. हात लावला तर पोरीनं पाय हलवलासुद्धा नाही.

"आबा, लॉजवर न्हाई जायचं," ती रडायला लागली. "आजोबांची रांग यायचीय. आईला सांगायचंय मला कशी होती ते."

"कोण चाललंय लॉजवर? चुकी माझी हाय, बाळा. ऑर्डर कॅन्सल."

दुसराही बूट काढला, जॅकेट उघडलं, स्वेटर-शर्ट वर केला आणि तिचे दोन्ही पाय माझ्या पोटाला लावले. बापरे! श्वासच अडकला माझा. शेजारी हरियाणाची एक बाई होती. तिनं काही न विचारता स्वतःची शाल काढून पोरीभोवती गुंडाळली.

आणि लाउडस्पीकरवर आमचं नाव आलं.

सगळे लोक उभे राहिले. बँड वाजला, आमचाच. पाठीमागं शेकडो बूट एका ठेक्यात पडत होते आणि मी तोंड उलटीकडं करून जमिनीवर बसलो होतो. वळलो असतो तर पाय सुटले असते. वळलो नाही.

"सम्यक! खुर्चीवर चढ. रिपोर्ट दे."

"पहिली रांग आली. ओव्हर. दुसरी आली. तिसरी! आबा, आपल्या उजवीकडून का त्यांच्या?"

"त्यांच्या!"

"दिसला! दुसरा दिसला!"

"काय करायलाय?"

"चालायलाय, आबा. लई भारी चालायलाय. ... गेला. ओव्हर."

मी रडलो. चारचौघांत, पोरीचे पाय पोटाशी धरून ढसाढसा रडलो. फौजी रडत नाही म्हणतात, म्हणू देत.

परेड अजून बरीच बाकी होती. बाकीच्या तुकड्या गेल्या, चित्ररथ गेले. आमचं तिकडं लक्ष नव्हतं. अकरा वीसला प्रज्ञाचं तोंड वाकडं झालं.

"पाय ठीक?" मी विचारलं.

"न्हाई आबा. दुखायलंय. लई दुखायलंय, सुया टोचल्यासारखं."

"शाब्बास!" मी ओरडलो. ऊब परत येताना असंच दुखतं. हरियाणावाली बाई माझ्याकडं बघतच राहिली. पोरगी रडतेय आणि म्हातारा हसतोय.

एकोणतीसला औशाला पोचलो. उत्तमची बायको, शांता वहिनी, दारातच उभ्या होत्या. पोरांनी चपला काढायच्या आत मी बोलून टाकलं. तीस वर्षं सांगायचं राहिलेलं होतं. "वहिनी, त्या दोन संध्याकाळी मी त्याचे पाय बघितले नव्हते. नुसतं विचारलं होतं."

वहिनींनी प्रज्ञाला हाक मारली, तिला पाटावर बसवलं आणि तिच्या पायाची दहाही बोटं एक-एक करून दाबून बघितली.

"हिचे तर बघितलेत ना, भाऊजी," त्या म्हणाल्या. "बसा. भाकरी गरम हाय."

जेवताना त्यांनीच विचारलं, "यांच्या जागंवरचा पोरगा कसा चालला?"

मी तर बघितलाच नव्हता. सम्यक ताटावरून उठला. हात सरळ, मान उजवीकडं, चुलीपासून दारापर्यंत पाय आपटत गेला आणि दारात कडक थांबला.

वहिनींच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"हाव," त्या म्हणाल्या. "ते असंच चालायचे."