मेंदूतली भूक मोजणाऱ्या ताई

स्कॅनच्या खोलीत काम करणाऱ्या बाईंना सगळेच ताई म्हणत. मोठे डॉक्टरसुद्धा, आणि वयाने वडील असलेले पेशंटसुद्धा. मेंदूतली गाठ किती खाते आणि किती वाढते, ते मोजणं हे त्यांचं काम. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध द्यायचं आणि ते कुठे किती साचतं हे यंत्राने टिपायचं. सांगायला सोपं, पण त्यासाठी माणूस बोगद्यात निपचित पडून राहायला हवा. डोकं जरा हललं की चित्र फिसकटलंच.

नोकरीच्या सुरुवातीला, तुलनेसाठी निरोगी मेंदू हवा होता म्हणून ताई स्वतः आत झोपल्या होत्या. बाहेर आल्या त्या घामाने निथळत. तेव्हापासून ‘घाबरू नका’ हे शब्द त्यांनी कुणालाच ऐकवले नाहीत.

एकदा एक बसड्रायव्हर आले. आडदांड देह, खणखणीत आवाज. त्यांची गाठ आधीच काढली होती, किरणांचे उपचारही झाले होते. आता त्याच जागी पुन्हा डाग दिसत होता. गाठ परतली, की ती उपचारांनी भाजलेली जागा? साखरेचं औषध देऊन पाहिलं. पण मेंदू मुळातच साखरेचा हावरट; चित्रात सगळीकडे उजेड, त्यात डाग हरवून गेला. म्हणून दुसरं औषध ठरलं, वाढणारी गाठ जे ओढून घेते असं. ते तळघरात बनायचं आणि बघता बघता विरून जायचं. बनवणाऱ्याला सगळे आचारी म्हणत.

औषध टोचलं, डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा बसवला, टेबल आत सरकलं आणि ड्रायव्हरकाकांनी हातात दिलेली घंटा दाबून आकांत मांडला. त्यांना बाहेर काढेपर्यंत औषध ओसरत आलं होतं.

आचारी तरातरा वर आला. “ताई, पहाटेपासून खपतोय मी! सगळं पाण्यात!”

“त्यांच्यावर नको चिडूस. मला बोल,” ताई म्हणाल्या.

मग त्या काकांशेजारी खुर्ची ओढून बसल्या. “आत काय होतं हो नेमकं?”

काका खाली मान घालून म्हणाले, “जन्मभर समोर मोठी काच होती. पुढचं दिसतं म्हणून मी शांत असतो. आत काही दिसतच नाही. कुठे चाललोय तेच कळत नाही.”

शेजारी उभ्या त्यांच्या पत्नी, काकू, फटकन बोलल्या, “घरात मी सांगते कुठे जायचं ते!”

ताई हसल्या, पण ते वाक्य त्यांच्या डोक्यात राहिलं. डॉक्टरांना विचारून त्यांनी काकूंना यंत्राच्या खोलीत बसायची परवानगी काढली. औषधाविना सराव करून घेतला. काकूंनी नवऱ्याच्या पायाचा अंगठा धरायचा आणि त्यांच्या बसचा रस्ता मोठ्याने सांगायचा.

खऱ्या स्कॅनच्या दिवशी काकू सुरू झाल्या. “सुटली गाडी. आता बाजार. मग शाळा...”

शाळेआधी पूल येतो! काकांचा अंगठा ताठ झाला. पण ओठ हलवायची सोय नव्हती. काकू मुद्दाम थांबे चुकवत राहिल्या, काका आतल्या आत धुमसत राहिले, आणि यंत्राचं काम बिनबोभाट उरकलं.

बाहेर येताच ते गरजले, “पूल कुठे गेला? अख्खा पूल गिळलास तू!”

काचेपलीकडे ताईंनी पोट धरून हसून घेतलं, मग पडद्याकडे वळल्या. डाग जवळजवळ सगळा निपचित होता, भाजलेली जागाच ती. फक्त एका कडेला छोटासा तुकडा खात होता, वाढत होता. डॉक्टरांना नेमकी जागा मिळाली. उपचार तेवढ्याच कडेवर झाले, आणि बोलण्याचं केंद्र अगदी लागून असूनही काकांचा आवाज शाबूत राहिला.

गाठ कायमची गेली असं कुणी म्हणालं नाही. काकांना पुन्हा बसही चालवता आली नाही. ते आगारातल्या चौकशीच्या खिडकीत बसू लागले. पुढच्या तपासणीला आले तेव्हा काकू तिकीट मागणाऱ्या कंडक्टरसारखा हात पुढे करून दाराशी उभ्या होत्या.

“ताई,” काका म्हणाले, “आज मार्ग बदला. हिला लांब पल्ल्याची गाडी द्या.”

ताईंनी काकूंसाठी अंगठ्याजवळ खुर्ची मांडली आणि तळघरात फोन लावला. “आचारी, पाठव रे. प्रवासी तयार आहेत.”