बिनमिठाचा ठराव

माणसाने निसर्गाकडून जे घेतलं ते त्याला परत केलं पाहिजे, असं आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एकमताने ठरलं. मसुदा माझाच होता. तोवर आम्ही निसर्गाला परत करत होतो ते मीठ होतं.

नायगावात आमच्या इमारतीला बोअरचं पाणी. साबणाला फेस येत नाही, नळांवर पांढरा थर बसतो. म्हणून तळमजल्यावर पाणी मऊ करणारं यंत्र बसवलं. त्याला गोणीने मीठ लागतं. दर दोन दिवसांनी ते स्वतःला धुतं आणि ते खारट पाणी कुंपणापलीकडच्या वाडीत उतरतं. वाडी एका मावशींची. त्या अळू लावायच्या आणि सकाळी आमच्या फाटकाशी जुड्या घेऊन बसायच्या.

एकदा त्यांनी जुडीऐवजी एकच पान माझ्या हातात ठेवलं. कडा करपलेल्या.

“भाऊ, तुमच्याकडनं खारं पानी येतंय. मी चाखून बघितलं.”

“चाखलंत?”

“मग? तुम्ही येनार होतात चाखायला?”

पाइप फिरवून समोरच्या गटारात सोडावा म्हटलं, तर ते गटारही वाडीतच संपत होतं.

शेवटी वालीवच्या एका कारखानदाराकडे बिनमिठाचं यंत्र सापडलं. माणूस प्रामाणिक निघाला, तेच नडलं. “पाणी मऊ होणार नाही,” तो म्हणाला. “क्षार पाण्यातच राहतील, फक्त पाइपला चिकटणार नाहीत.” ठराव मांडताना सभेत मी यातलं पहिलं वाक्यही वाचलं. पण टाळ्या आधीच सुरू झाल्या होत्या.

नवं यंत्र आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे काका बादली घेऊन दारात उभे.

“कुठे आहे फेस? दाखव.”

“काका, हे यंत्र फेसासाठी नाहीच. थर बसू नये म्हणून आहे.”

“मी काय पाइप आहे?”

पुन्हा सभा बोलावली गेली. मऊ पाणी फक्त आंघोळीपुरतं घेऊ, असं मी सुचवलं. म्हणजे मीठ तरी कमी लागेल. त्यासाठी प्रत्येक घरात वेगळी लाइन टाकावी लागेल, भिंती फोडाव्या लागतील, असं प्लंबर म्हणाला. भिंतींचं नाव निघताच सभा संपली. मिठाचं यंत्र पुन्हा सुरू झालं. मी विरोधी मत नोंदवलं, घरी आलो आणि डोक्यावरून आंघोळ केली. फेस उत्तम आला.

मावशींना सांगायला गेलो.

“मी बोललो सभेत.”

“बरं केलंत. मग?”

“कुणी ऐकलं नाही.”

“तुम्ही तरी कुठलं पानी वापरता?”

मी दोन जुड्या घेतल्या. पुढच्या वर्षी वाडीत अळू उगवलंच नाही. मावशी अजून फाटकाशी बसतात. पानं मोठी, हिरवीगार असतात. ती तुळिंजच्या बाजारातून येतात.