पुसलेले वण

फोटो काढण्याआधी तो चपला काढायचा. काळ्या कापडात डोकं घालण्यापूर्वी दोन्ही चपला तिपाईच्या मागे जोडून ठेवायचा आणि अनवाणी पायांनी कॅमेऱ्याजवळ उभा राहायचा. चामोर्शीची मे महिन्यातली जमीन तुम्हाला ठाऊक असेल, पाय टेकवत नाही. तरी हा नेम कधी मोडला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "मास्तर, मानसाच्या तोंडाकडे पाह्याचं हाय. चपला घालून कसं पाहू?"

या माणसाबद्दल लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. त्याच्याबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दलही लिहावं लागतं, आणि तिथे माझा हात थांबतो. आता वय झालं आहे, टाळण्यासारखे दिवस फारसे उरले नाहीत, म्हणून बसलो आहे.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा जिल्हा चांदा होता आणि गडचिरोली हे तालुक्याचं गाव. मी चामोर्शीच्या शाळेत मास्तर होतो, आणि तो आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायचा. दुकान नव्हतं. एक सायकल होती. मागे सागाची पेटी, तिच्यात गोधडीच्या तुकड्यांत गुंडाळलेला कॅमेरा आणि फोटो उमटवायच्या काचा. सायकलच्या दांडीला बांधलेला लांबलचक पडदा. पडद्यावर महाल, संगमरवरी पायऱ्या, तळं आणि तळ्यात दोन हंस. एका हंसाची मान घडीवर आल्यामुळे मोडलेली होती. आमच्याकडची धानाची शेती करणारी माणसं, मोहफुलं वेचणारी माणसं, त्या पायऱ्यांपुढे ताठ उभी राहत आणि मोडक्या मानेच्या हंसासकट आपला फोटो घरी नेत. सगळे त्याला फोटूवाले भाऊ म्हणत.

फोटो काढताना त्याचं एकच सांगणं असे, "जसे हाय तसेच राहा. बनू नका."

लोक बनायचेच. दुसऱ्याचा कोट घालून यायचे, बंद पडलेलं घड्याळ मनगटावर चढवून तो हात पुढे धरायचे. तो काही न बोलता कापडात डोकं घालून उभा राहायचा. दोन मिनिटं, पाच मिनिटं. शेवटी समोरचा माणूस कंटाळून सैल पडायचा, बायकोकडे पाहून हसायचा, तेवढ्यात हा भिंगावरचं झाकण काढायचा.

आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या एका गावात एकदा मीही त्याच्याबरोबर गेलो होतो. तिथल्या एका म्हातारीने कॅमेरा पाहून नातवाला पाठीशी घातलं. पोराचा जीव त्या पेटीत जाईल, अशी तिला भीती. याने तिची समजूत घातली नाही. तिलाच हाताला धरून आणलं आणि काळ्या कापडात घेतलं. आत काचेवर नातू दिसला, पण डोकं खाली, पाय वर. म्हातारी ओरडली, बाहेर आली, नातवाला सरळ उभा पाहून पुन्हा आत गेली. मग जी हसायला लागली ती खाली बसली. त्या दिवशी सगळं गाव रांग लावून त्या कापडात जाऊन आलं. फोटो एकच निघाला.

खोटं तो बोलायचा, नाही असं नाही. लग्नातल्या घरच्यांच्या फोटोत विधवा बाया बाजूला होतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. नवरीची आई विधवा असली तर तीही स्वयंपाकाकडे निघून जाते. हा मोठ्याने सांगायचा, "त्या बाई मधात बसल्या नाई तर काच तिरपी होते. अख्खा फोटू वाया जाईन." काचेपुढे कोण काय बोलणार? बाई डोळे पुसत मधल्या खुर्चीवर बसायची. काच तिरपी होत नाही हे मला ठाऊक होतं, पण मी मास्तर असूनही कधी बोललो नाही. आमच्या आईलासुद्धा त्याने असंच एकदा मधे बसवलं होतं.

एक गोष्ट मात्र तो करत नसे. चेहऱ्यावरचं काही पुसत नसे. चांद्याचे फोटोवाले काचेवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या, डाग, देवीचे वण घालवायचे. त्याला ते काम उत्तम येत होतं, पण करायचा नाही. त्याच्या स्वतःच्या तोंडावर वण होते. त्याच साथीत बायको गेली होती, असं आई सांगायची. कोणी आग्रह केला तर तो म्हणायचा, "माता आली, जीव ठेवून गेली. हे तिची सही हाय. मी कोन पुसणारा?"

म्हणूनच आमच्या भागात मुलीचा फोटो त्याचा असला की मुलाकडचे निर्धास्त असत. लग्न जुळवण्याच्या फोटोंवरच त्याचं पोट होतं.

माझ्या धाकट्या बहिणीला, इंदूला, सातव्या वर्षी देवी आल्या होत्या. दोन्ही गालांवर आणि कपाळावर वण राहिले. वडील नव्हते, सगळं माझ्यावर. दोन स्थळं येऊन परत गेली. मग सिरोंच्याकडचं तिसरं आलं. मुलगा जंगल खात्यात कारकून. पावसात तिकडचे रस्ते बंद, म्हणून मुलीला पाहायला फक्त त्याचे काका आले होते आणि काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना इंदूच्या हातची भाजी फार आवडली. जाताना म्हणाले, "एक फोटू पाठवा. पोराच्या मायले दाखवतो."

भाऊने फोटो काढला. इंदू खुर्चीवर बसताना त्याला म्हणाली, "भाऊ, जशी हाय तशीच येऊ द्या. मागून कटकट नको." मी दारात उभा होतो, मी ऐकलं. ती आनंदाने बोलत होती. काच धुऊन झाल्यावर त्याने मला दाखवली तेव्हा एकेक वण मोजता येत होता.

मी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, वण पुसा. तो नाही म्हणाला. मी पुन्हा म्हणालो, तो पुन्हा नाही म्हणाला. तेव्हा मी सांगितलं, "इंदूच म्हणते. तुमच्यासमोर हसून बोलली, पन घरी रडून राह्यली. तुमाले सांगाची तिले लाज वाटते."

इंदू रडत नव्हती. हे वाक्य मी रस्त्याने जुळवत आलो होतो.

त्याने विचारलं, "बाई सोताच म्हणते? मी तिले एक डाव विचारू काय?"

"विचारू नका भाऊ. अजून रडन."

त्याने काच उचलून उजेडात धरली. मग म्हणाला, "तोंड तिचं हाय. ती म्हणते तर मी कोन नाई म्हणणारा."

दोन दिवस तो खिडकीशी काच तिरपी लावून बसला होता. मी येता-जाता पाहायचो. पेन्सिल टेकवायचा, खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा. फोटो तयार झाला तेव्हा इंदूचे गाल गुळगुळीत होते आणि ती फार सुंदर दिसत होती. फोटोच्या मागे तो नेहमी आपल्या नावाचा शिक्का मारत असे. यावर मारला नव्हता. फोटो इंदूला न दाखवता मी पाकिटात घातला. होकार आला.

लग्न वैशाखात, आमच्याच अंगणात, जांभळीच्या डहाळ्यांच्या मांडवात. भाऊने पहाटेपासून पडदा लावून ठेवला होता. मुहूर्ताआधी नवऱ्या मुलाच्या आईने इंदूचा पदर जरा मागे सारला आणि तिथेच थांबली. मग तिने पिशवीतून फोटो काढला आणि इंदूच्या तोंडाजवळ धरला.

"हे ते पोरगी नाई," ती म्हणाली.

वाजंत्री थांबली. मुलाचे काका, तेच मोतीबिंदूवाले, माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "मास्तर, काय हाय हे?"

मी एरवी घरीदारी इथल्यासारखंच बोलतो. त्या वेळी माझ्या तोंडून शाळेतली भाषा आली. मी बोट दाखवून म्हणालो, "मला काही कल्पना नाही. फोटो याने काढला आहे. याला विचारा."

ज्याला मी सहा वर्षं भाऊ म्हणत होतो, त्याला मी चारचौघांत 'याने' म्हणालो.

तो कापडातून डोकं काढून उभा होता. पाय अनवाणी. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग इंदूकडे पाहिलं. इंदूने पदर पुन्हा तोंडावर ओढून घेतला होता. त्याच्या समजुतीप्रमाणे तिनेच वण पुसायला सांगितले होते, आणि आता ते उघडं पडणार होतं. तो पुढे आला.

"म्याच पुसले," तो म्हणाला. "मास्तरले मालूम नाई. बाईले बी मालूम नाई. हाताची खोड हाय, बाकी काई नाई."

पुढे काय झालं ते मला सांगवत नाही, पण सांगतो. कोणीतरी त्याला धक्का दिला, तिपाई पडली. शिव्या झाल्या. मी हललो नाही. मग नवरा मुलगा उठून म्हणाला, "पोरीचा दोष नाई न मंग? लावा लग्न." आणि लग्न लागलं. जावई माणूस चांगला निघाला, इंदूचं सोनं झालं. ते सगळं भाऊच्या त्या एका वाक्यावर झालं. पंगती बसल्या तेव्हा भाऊ पडदा गुंडाळत होता. आई मला म्हणाली, त्याले जेवाले म्हण. मी वरपक्षाला वाढायचं निमित्त करून आत गेलो. तो उपाशी, भर उन्हात सायकल ढकलत गेला.

बाजारा-बाजारातून बोभाटा झाला. भाऊचे फोटो खोटे असतात म्हणे. मुली दाखवायच्या फोटोसाठी लोक चांद्याला जाऊ लागले. पुढच्या शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत त्याने पडदा लावला होता, मी लांबून पाहिला. एकही कुटुंब पायऱ्यांपुढे उभं राहिलं नाही. काही दिवसांनी खोली सोडून तो गडचिरोलीला गेला. तिथे रविवारच्या बाजारात जमिनीवर बसून देवांच्या तसबिरींना काचा बसवून देऊ लागला. मी त्या बाजारात जायचो तेव्हा धान्याच्या बाजूने जायचो, म्हणजे तो वाटेत यायचा नाही.

दोन वर्षांनी इंदू पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगी झाली. सव्वा महिन्याची झाल्यावर इंदू म्हणाली, "दादा, इचा फोटू त्या भाऊकडूनच काढू. पन त्यानं माहे वण काऊन पुसले असन? म्या तर त्याले सांगतलं होतं, जशी हाय तशी येऊ दे."

मी तिला खरं सांगून टाकलं. ती बाळाला थोपटत होती, तिचा हात थांबला. मग एवढंच म्हणाली, "जा. त्याले सांगून ये."

मी रविवारी गेलो. तो काच कापत होता. मला पाहून त्याला आनंद झाला, हे मी कसं विसरू? त्याने बसायला पोतं सरकवलं आणि आधी विचारलं, "बाई बरी हाय न?" मी म्हणालो, बरी आहे, मुलगी झाली. तो हसला. "मंग झालं तर. लोक बोलत रायतात, मास्तर. मी सोताले म्हणतो, तिनं मांगतलं, आपन देल्लं. तिचं घर बसलं. पुरे हाय."

माझ्यात थोडीही दया असती तर मी तिथेच उठलो असतो. पण मी मन मोकळं करायला आलो होतो, ते करूनच उठणार होतो. मी सांगितलं की इंदूने कधीच म्हटलं नव्हतं. मीच म्हटलं होतं.

त्याने हातातला काच कापायचा हिरा खाली ठेवला.

"तिनं म्हटलं नव्हतं?"

"नाई."

"मंग मी तिच्या तोंडावर हात फिरवला," तो हळू म्हणाला, "तिले न विचारता."

मांडवाबद्दल तो बोलला नाही. धक्क्याबद्दल, गेलेल्या धंद्याबद्दल एक शब्द नाही. मग त्याने विचारलं, "हे मले काऊन सांगतलं, मास्तर?"

मी काहीतरी पुटपुटलो, की मनावर ओझं होतं.

"उतरलं?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी उठलो आणि आलेल्या पहिल्या मोटारीने घरी आलो.

इंदू दारात उभी होती. "काय म्हणला?"

मी म्हणालो, "माफ केलं म्हणला."

ती रडली, मग हसली, आणि पुढच्या रविवारी बाळाला झबलं-टोपडं घालून तयार होऊन बसली. तिला स्वतः त्याच्या पाया पडायचं होतं. मला नाही म्हणता येईना. आम्ही गडचिरोलीला गेलो. त्याच्या जागी एक बाई सुपं मांडून बसली होती. आजूबाजूला विचारलं. सोमवारीच सामान विकून गेला, म्हणाले. पेटी, पडदा, सगळं. कुठे गेला ते कोणाला सांगून गेला नव्हता.

इंदू भर बाजारात बाळाला छातीशी धरून उभी राहिली. ऊन तिच्या तोंडावर होतं.

"असा कसा गेला?" ती म्हणाली. "दादा, माफ केलं म्हणला होता न?"

"हो," मी म्हणालो.